सर्वनाम

निवडणुकीला अकरा दिवस उरले तेव्हा गावात बटाटे आले.
दहा-दहा किलोच्या लाल जाळीदार पिशव्या,
पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवर त्याचं हसू.
चर्चमागच्या पटांगणात रांग लागली.
माझी घरमालकीण एतेल्का, वय एकोणऐंशी,
हातगाडी घेऊन उजाडायच्या आत जाऊन उभी राहिली.
परत आल्यावर म्हणाली,
"चांगले आहेत. मातीचा कणही लागलेला नाही, एवढंच खटकतं."

गाव तिसा नदीच्या वळणावर.
भाजी डबाबंद करायचा कारखाना होता, त्याचं आता फक्त धुरांडं आहे,
त्यावर करकोच्याचं घरटं.
बस दिवसातून दोनदा. शाळेत मुलं अकरा.
एतेल्काचा बर्नाबाश लिन्झला डुकरं सोलतो
आणि रविवारी फोनवर आईला तिथल्या पावाची किंमत सांगतो.

शनिवारी तो आला. कोट नाही, बाह्या दुमडलेल्या.
देझ्योच्या टपरीवर प्लमची दारू एका घोटात घेतली,
मग टेम्पोच्या फळीवर चढून म्हणाला:
राजधानीतले लोक तुम्हाला हसतात.

हे खरंच होतं.
आजवर कुणी त्यांना तोंडावर सांगितलं नव्हतं, इतकंच.
देझ्योचा हातातला झारा तेलावर तसाच थांबला.
पहिली दहा मिनिटं तो माणूस एकही शब्द खोटं बोलला नाही,
हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे.

पुढचं मला अर्धंमुर्धंच कळलं.
पण एक शब्द हातोड्यासारखा परत परत येत होता:
मी. मी. मी.

हंगेरियनमध्ये 'मी' म्हणजे आम्ही.
ओर्शोयानं भाषेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं, तेव्हा मी हसलो होतो.
आमच्याकडे मी म्हणजे एकटा मीच.
"मग आम्हीला काय म्हणता?"
दोन शब्द आहेत, म्हटलं.
आपण, ज्यात तू येतेस.
आम्ही, ज्यात तू येत नाहीस.
खडू हातात धरून ती जरा वेळ थांबली.
"आमच्याकडे ते ऐकणाऱ्यानंच ओळखायचं असतं."

टेम्पोसमोर उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपण ऐकलं.
देझ्योनं ऐकलं, टपालवाल्यानं ऐकलं,
गावाच्या टोकाला, नळ नसलेल्या गल्लीत राहणाऱ्या लाटोर्साईच्या पोरानंही ऐकलं,
तो तर खांबावर चढून टाळ्या वाजवत होता.
मग तो 'त्यांच्या'विषयी बोलू लागला
आणि माना हळूहळू वळू लागल्या,
थोड्या माझ्याकडे, थोड्या खांबाकडे.
पोरगा अजून टाळ्या वाजवत होता.
मग वाजवेनासा झाला.
खांबावरून उतरायला किती वेळ लागतो,
सगळे बघत असताना.

तो निवडून आला. भरघोस मतांनी, असं टीव्ही म्हणाला.
बर्नाबाशनं फोनवर विचारलं, आई, तू कुणाला दिलंस?
एतेल्का म्हणाली, इथं वारा फार आहे, ऐकू येत नाही.
दारंखिडक्या बंद होत्या.

तळघरात उरलेल्या बटाट्यांना डोळे फुटले.
तिनं एकेक डोळा राखून फोडी केल्या,
राखेत घोळवून परसात पुरल्या.
अर्धे उगवलेच नाहीत.
जे उगवले त्यांना जूनमध्ये फूल आलं, पांढरं,
आणि महिन्याभरानं तिनं कुदळीनं काढले
ते ओबडधोबड होते, मातीनं माखलेले.
बस तोवर दिवसातून एकदाच येऊ लागली होती.

संध्याकाळी तिनं माझ्यापुढे ताटली ठेवली,
वर लाल मिरचीची भुकटी, बाजूला आंबट साय.
आणि म्हणाली ते भाषांतर करता येत नाही:
खा, हे आपले आहेत,
किंवा
खा, हे आमचे आहेत.

विचारायचं धाडस झालं नाही.
गरम होते. खाल्ले.